पाहुण्यांनी घरचे नियम पाळावेत का?

कोकणात तारकर्ली, गुहागर, दिवेआगरला घरगुती निवासात उतरलात की दारामागे नियमांचा कागद दिसतो. रात्री दहानंतर अंगणात स्पीकर बंद, हा काही यजमानांचा हट्ट नव्हे. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर ध्वनिक्षेपकाला मनाईच आहे. जेवणाचं आधी सांगायचं. तिन्हीसांजेला अचानक सुरमई मागितली तर ती आणायची कुठून? संडासात डायपर, पॅड टाकू नयेत. गावात बहुधा भुयारी गटार नसतं, सगळा भार घरामागच्या सेप्टिक टाकीवर. ती तुंबली की घरच्यांचेही हाल! एवढं पाळायलाच हवं. मात्र पूर्ण पैसे घेऊन, दारात पोचल्यावर ‘इथे मांसाहार चालत नाही’ सांगणं ही शुद्ध अडवणूक. म्हणून आगाऊ रक्कम भरण्यापूर्वी नियमांच्या त्या कागदाचा फोटो मागवून घ्या.