नांगराच्या जाहिरातीतून उगवलेले मासिक



लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर तयार केला तेव्हा तो घ्यायला शेतकरी पुढे येईना. लोखंडाने जमीन नासते, अशी समजूत होती. नांगर घडवणे निराळे आणि तो शेतकऱ्याच्या गळी उतरवणे निराळे. १९१० मध्ये कुंडल रोड स्टेशनजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. दहा वर्षांनी लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव यांनी तिथूनच ‘किर्लोस्कर खबर’ हे पत्र काढले. शंकरराव चित्रकला शिकलेले होते. पत्राचा हेतू उघड होता: कारखान्याची आणि त्याच्या मालाची माहिती लोकांपर्यंत नेणे.

पुढे जे घडले ते मराठी नियतकालिकांच्या इतिहासात पुन्हा पुन्हा सांगावे असे आहे. १९२९ मध्ये नावातली ‘खबर’ गेली आणि ‘किर्लोस्कर’ मासिक उरले. सावरकरांचे विज्ञाननिष्ठ निबंध याच मासिकातून महाराष्ट्रभर वाचले गेले. १९३० मध्ये ‘स्त्री’ आले, १९३४ मध्ये ‘मनोहर’. घराघरांत बायकांच्या हाती पडणारे, त्यांच्या शिक्षणाचा, लग्नाचा, नोकरीचा विचार मांडणारे मासिक एका नांगर-कारखान्याच्या आवारात जन्मले. ‘स्त्री’च्याच संपादक राहिलेल्या विद्या बाळ यांनी १९८९ मध्ये ‘मिळून साऱ्याजणी’ सुरू केले, म्हणजे तो धागा आणखी पुढे गेला.

मासिक आणि जाहिरात यांचे हेच नाते तुमच्या महाविद्यालयाच्या यंदाच्या वार्षिकांकातही आले आहे: एका विद्यार्थिनीने पुस्तके, मासिके आणि जाहिराती यांवर मनमोकळे लिहिले आहे. पुस्तकावर विश्वास बसतो, कारण त्यात मध्येच कोणी काही विकत नाही. मासिकात मात्र लेख कुठे संपला आणि विक्री कुठे सुरू झाली ते कळत नाही, असे तिचे म्हणणे. तक्रार रास्त आहे.

पण जाहिरात काढून टाकली तर मासिक किती दिवस तग धरेल? का. र. मित्र यांनी १९०९ मध्ये ‘मनोरंजन’ मासिकाचा दिवाळी अंक काढला आणि मराठीत एक परंपरा सुरू झाली. आज दिवाळी अंकाचा कागद, छपाई, चित्रकाराचे आणि लेखकाचे मानधन हे सगळे निव्वळ विक्रीतून क्वचितच निघते. बँका, सराफी पेढ्या, बांधकाम व्यावसायिक यांच्या जाहिरातींच्या पानांवर अंक उभा राहतो. तुमच्या वार्षिकांकाचेही तेच. वाशीच्या सेक्टर १७ मधल्या दुकानांचे जिने चढून ज्यांनी पाव पान, अर्धे पान, मलपृष्ठ असे दर सांगत जाहिराती मिळवल्या, त्यांना संपादन म्हणजे काय हे कथा निवडणाऱ्यांइतकेच कळले असेल.

म्हणून खरा प्रश्न पैसे कोणी दिले हे वाचकाला सांगितले की नाही, हा आहे. ‘किर्लोस्कर खबर’ने ते नावातच सांगितले होते. जाहिरात बातमीचा वेष घेऊन येते तेव्हा मात्र वाचकाची फसवणूक होते. ‘पेड न्यूज’ला कडाडून विरोध व्हायला हवा तो त्यासाठी. मोबाइलवरच्या इन्फ्लुएन्सरने पैसे घेऊन केलेली शिफारस जाहिरात म्हणून दाखवावी, असे भारतीय जाहिरात मानक परिषदेने २०२१ मध्ये सांगितले. चमत्कारी औषधांच्या जाहिरातींना आळा घालणारा कायदा तर १९५४ पासून आहे. तरीही कर्करोग, मधुमेह हमखास बरा करण्याचे दावे अजून सर्रास दिसतात.

नवी मुंबईत राहणाऱ्यांना जाहिरात वाचण्याचा सराव रोज करता येतो. सायन-पनवेल महामार्गावरच्या नव्या इमारतीच्या फलकावर हिरवळ, पोहण्याचा तलाव आणि विमानतळापासूनची मिनिटे मोठ्या अक्षरांत असतात. नजर खाली न्या. तिथे महारेराचा, म्हणजे महाराष्ट्र स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाचा, नोंदणी क्रमांक हवा, आणि १ ऑगस्ट २०२३ पासून क्यूआर कोडही हवा. तो चौकोन मोबाइलने स्कॅन केला की महारेराकडे असलेली त्या प्रकल्पाची माहिती समोर येते: ताबा देण्याची तारीख, मंजुऱ्या. वरचे चित्र आणि खालची नोंद शेजारी ठेवून पाहा. घर घेणाऱ्या कुटुंबाची आयुष्यभराची पुंजी त्या दोहोंमधल्या अंतरात अडकू शकते.

जाता जाता महाविद्यालयाच्या ग्रंथालयाला एक विनंती. जुने अंक बांधणीला देताना पुष्कळ ठिकाणी मुखपृष्ठ आणि जाहिरातींची पाने काढून टाकतात, त्यामुळे खंड सुटसुटीत होतो. परंतु शिलाई यंत्राची किंमत, साबणाच्या वडीवरचे चित्र, कोणत्या वस्तूसाठी बाईचे आणि कोणत्या वस्तूसाठी पुरुषाचे चित्र वापरले, हे त्याच पानांवर असते. समाजशास्त्राच्या, अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला उद्या तेच लागेल. यंदाचे दिवाळी अंक बांधणीला जातील तेव्हा ती पाने जागच्या जागी राहू द्यावीत.