न विसरणारा दूरध्वनी
(हीरक महोत्सवी समारंभातील भाषण)



साठ वर्षांपूर्वी एखादी शाळा सुरू होई, तेव्हा तिच्या कार्यालयात दूरध्वनी असेलच असे नव्हते. गावात तो एखाद्या डॉक्टरांकडे, पेढीवर किंवा टपाल कचेरीत असे. आज शाळेच्या शिपायापासून विश्वस्तांपर्यंत प्रत्येकाच्या खिशात तो आहे. या साठ वर्षांत माणसाला पुष्कळ सोयी मिळाल्या; त्याबरोबर एक रुखरुखही आली. आपले बोलणे, फिरणे, खरेदी, आजारपण हे सारे कोणीतरी टिपून घेत आहे की काय, अशी ती रुखरुख आहे. त्यातूनच जुन्या काळ्या दूरध्वनीची आठवण ज्येष्ठांना हळवी करते. ही हळहळ कितपत खरी आणि तिच्यात घेण्यासारखे काय, याचा विचार या प्रसंगी उचित ठरेल. त्यासाठी महाराष्ट्रापासून दूर, तरीही मराठी बोलणाऱ्या एका प्रदेशाकडे पाहणे उपयोगाचे आहे.

तो प्रदेश म्हणजे तमिळनाडूतील तंजावर आणि भोवतालची कावेरी त्रिभुज प्रदेशातील गावे. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात व्यंकोजीराजांनी तेथे भोसल्यांची सत्ता स्थापन केली. १८५५ साली ती संपली. परंतु राज्याबरोबर गेलेली मराठी कुटुंबे तेथेच राहिली. कावेरीच्या फाट्यांवरील भातशेतीच्या मुलखात, तंजावर आणि कुंभकोणमच्या परिसरात, ती तमिळ समाजात मिसळून गेली. शाळा, बाजार आणि कचेरी यांची भाषा तमिळ झाली. घरात मात्र मराठी टिकली. जुनी रूपे जपलेली आणि तमिळचा हेल घेतलेली ही बोली ‘तंजावर मराठी’ म्हणून ओळखली जाते.

या मुलखात दूरध्वनी आला तो उशिरा आणि मोजक्या घरांत. मद्रास शहरात १८८२ सालीच कलकत्ता आणि मुंबई यांच्याबरोबर दूरध्वनी केंद्र सुरू झाले होते. पण खेडेगावापर्यंत तार पोहोचण्यास पुढे कित्येक दशके लागली. परगावी बोलायचे तर ट्रंक कॉल नोंदवावा लागे. साधा, ‘अर्जंट’ आणि ‘लाइटनिंग’ असे त्याचे प्रकार असत आणि साध्या कॉलसाठी तासन्‌तास ताटकळावे लागे. जोडणी करून देणारा ऑपरेटर मध्ये असे व त्याला बोलणे ऐकू येऊ शके. आवाज क्षीण येई, म्हणून बोलणारा ओरडून बोले आणि त्याचे सुखदुःख साऱ्या आळीला कळे.

ज्यांच्याकडे दूरध्वनी नसे ते शेजाऱ्याचा क्रमांक देत. महाराष्ट्रातही लग्नपत्रिकांवर आणि अर्जांवर क्रमांकापुढे ‘पी. पी.’ ही दोन अक्षरे असत. हा दूरध्वनी शेजाऱ्यांचा, निरोप दिल्यास ते बोलावून आणतील, असा त्याचा अर्थ. याखेरीज दरवर्षी निघणाऱ्या जाडजूड निर्देशिकेत ग्राहकाचे नाव, पत्ता आणि क्रमांक छापलेला असे. ती कोणीही चाळावी. आज लोक जे लपवू पाहतात, ते तेव्हा सरकारच छापून वाटत असे.

तेव्हा जुन्या दूरध्वनीवर खासगीपणा अधिक होता, हे म्हणणे टिकत नाही. तारेला जोड देऊन संभाषण ऐकणे अवघड नव्हते. सरकारला १८८५ च्या भारतीय तार अधिनियमाने संदेश अडविण्याचा अधिकार दिलेलाच होता. उलट आजच्या अनेक संदेशसेवांत मजकूर पाठविणाऱ्याच्या यंत्रात कुलूपबंद होतो आणि घेणाऱ्याच्याच यंत्रात उघडतो. मधल्या कोणाला तो सहसा वाचता येत नाही. त्या अर्थाने आजचे बोलणे कालच्यापेक्षा सुरक्षित आहे.

मग ज्येष्ठांची हळहळ निराधार आहे काय? तसेही नाही. ते ज्याला मुकले ती गोष्ट वेगळी आहे. जुना दूरध्वनी ऐकू देत असे, पण लक्षात ठेवीत नसे.

दूरध्वनी केंद्राच्या रचनेतच हे होते. स्वयंचलित केंद्राचा जनक अल्मन स्ट्राउजर हा अमेरिकेतील कॅन्सस सिटी येथे अंत्यसंस्काराचा व्यवसाय करणारा गृहस्थ. आपल्याकडे येणारे कॉल ऑपरेटर प्रतिस्पर्ध्याकडे वळवते, असा त्याला संशय होता आणि म्हणून त्याने मधला माणूसच काढून टाकणारे यंत्र शोधले, अशी कथा सांगितली जाते. १८९१ साली त्याला त्याचे पेटंट मिळाले. या धर्तीची केंद्रे भारतात अनेक दशके चालली. त्यांत प्रत्येक ग्राहकासाठी एक लहानसा मीटर असे. कॉल झाला की त्याचा आकडा पुढे सरके. १९६० साली लखनौ आणि कानपूर यांच्यात थेट परगावी फिरविण्याची एस. टी. डी. सेवा सुरू झाली. तिचीही आकारणी पुष्कळ काळ याच मीटरवरील ठोक्यांनी होत असे. कोणाशी, केव्हा आणि किती वेळ बोलणे झाले, याची यादी त्या यंत्राकडे नसे. देयक फुगून आले म्हणून ग्राहक भांडे. परंतु त्याला दाखविण्यासारखा तपशील कार्यालयाकडेही नसे. ती त्या यंत्राची उणीव होती, आणि तिच्यामुळेच माणसाच्या संबंधांचा नकाशा कोठेही तयार होत नव्हता.

ऐकणारे कानही ओळखीचे होते. ज्या शेजाऱ्याच्या ओट्यावरून निरोप येई, त्याचे वागणे गावाला ठाऊक असे. पाहुणा बोलू लागला की घरातील जाणती माणसे आतल्या खोलीत जात. ऐकले तरी न ऐकल्यासारखे करणे हा सभ्यपणा मानला जाई. तो मोडणाऱ्याला लोक तोंडावर बोलत. सगळेच शेजारी असे नव्हते, हे खरे. पण चहाडी कोणी केली हे कळत असे.

तंजावरच्या मराठी माणसाजवळ तर आणखी एक पडदा होता, तो भाषेचा. ज्या गावात शेजारीपाजारी तमिळ बोलतात, तेथे दूरध्वनीवर मराठीतून काढलेला शब्द चारचौघांत उभे राहूनही घरचाच राहतो. लहान समाजाची बोली अशी नकळत तिजोरीचे काम करते.

आज हा पडदा विरळ झाला आहे. उच्चार ओळखून त्याचा मजकूर करणारी आणि एका भाषेतून दुसरीत नेणारी यंत्रे आली आहेत. तंजावर मराठीसारखी लहान बोली त्यांना आज नीट कळत नसेल. पण यंत्रे ध्वनिमुद्रणांवरूनच शिकतात आणि बोलीतील मुद्रणे वाढतच आहेत. त्याच वेळी हाच मोबाइल त्या बोलीचा आधारही झाला आहे. शिक्षण आणि नोकरी यांसाठी त्रिभुज प्रदेशातील कुटुंबे चेन्नई, बंगळूर, मुंबई आणि परदेश येथे विखुरली. आजी गावी आणि नातू समुद्रापार अशा घरात मराठीचा धागा दृश्यसंभाषणानेच टिकतो. आजीने सांगितलेली गोष्ट नातू ध्वनिमुद्रित करून ठेवतो, तेव्हा तो बोली वाचवीत असतो. म्हणून मोबाइल टाकून द्यावा, हा सल्ला अशा घराला देता येणार नाही.

कृषिजीवनाचेही तसेच. मेट्टूर धरणाचे पाणी शेतीसाठी १२ जूनला सोडण्याची परंपरा आहे. त्या तारखेकडे डोळे लावून बसणाऱ्या शेतकऱ्याला पाण्याची, हवामानाची आणि भाताच्या दराची वार्ता आता हातातील यंत्रावर मिळते. नोव्हेंबर २०१८ मध्ये ‘गजा’ चक्रीवादळाने या भागाला झोडपले, विजेचे खांब पडले आणि संपर्क तुटला, तेव्हा संपर्काचे मोल काय हे तेथील लोकांना कळून चुकले.

तथापि हे यंत्र सतत नोंद करीत असते, हे विसरता येत नाही. कॉल केला नाही तरी ते जवळच्या मनोऱ्याला आपला ठाव सांगत राहते. त्याशिवाय कॉल पोहोचणारच नाही. कोणी कोणाशी केव्हा बोलले याच्या नोंदी सेवा कंपन्यांना किमान दोन वर्षे ठेवाव्या लागतात. संदेशातील मजकूर कुलूपबंद असला, तरी कोण कोणाच्या संपर्कात आहे एवढ्यावरून पुष्कळ ओळखता येते. रात्री अडीच वाजता रुग्णालयाला, सकाळी भावाला आणि दुपारी सोनाराला केलेला कॉल एकेक पाहता सामान्य आहे. तिन्ही एकत्र ठेवले की घरावरचे संकट न ऐकताही समजते.

याहून घातक अनुभव झटपट कर्ज देणाऱ्या ॲपनी देशभर दिला. पेरणीला, फीला किंवा औषधाला दोनचार हजार हवेत म्हणून माणूस ॲप उतरवून घेतो. ते संपर्कयादी आणि छायाचित्रे पाहण्याची परवानगी मागते. घाईत ती दिली जाते. हप्ता चुकला की कर्जदाराच्या मामाला, मैत्रिणीला, शिक्षकाला बदनामीचे संदेश जातात. अशा छळाने काहींनी जीव दिल्याची वृत्ते आली. अखेर रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनी कर्ज देणाऱ्या ॲपना संपर्कयादी, फाइली आणि कॉलच्या नोंदी यांना हात लावण्यास मनाई केली. येथे एक गोष्ट ध्यानात येते. संपर्कयादी एकट्या मालकाची नसते. तिच्यातील प्रत्येक क्रमांक दुसऱ्या कोणीतरी विश्वासाने दिलेला असतो. परवानगी एक जण देतो आणि उघडे शंभर जण पडतात.

नोंद म्हणजे वाईटच, असेही नाही. नोंदींचे मोल तंजावरइतके क्वचितच कोणी जाणले असेल. तेथील बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर १८०३ साली भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरविला गेला. सरस्वती महाल ग्रंथालयात मोडी कागदांचे रुमाल आहेत. त्यांत दरबाराचे खर्च आणि छत्रांचे हिशेब आढळतात. दुसरे सरफोजीराजे यांच्या काळातील नेत्ररुग्णांच्या डोळ्यांची चित्रे आणि उपचारांची टिपणेही त्या ग्रंथालयाने जपली आहेत. लिहिणाऱ्याचा हेतू उपचाराचा होता. आज दोनशे वर्षांनी तो वैद्यकाचा इतिहास झाला. ते रुग्ण आता हयात नाहीत. त्या माहितीने कोणाचे लग्न मोडत नाही, नोकरी जात नाही. पण आजच्या रुग्णाचे टिपण उद्याच विमा विकणाऱ्याच्या हाती पडले तर? कागद तोच असतो. तो कोणाच्या हाती, केव्हा आणि कशासाठी गेला, यावर त्याचे बरेवाईट ठरते.

कायदाही सावकाश याच निष्कर्षाला आला आहे. डिसेंबर १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दूरध्वनीवरील संभाषण हा खासगीपणाचा भाग मानला आणि ते चोरून ऐकण्यावर कार्यपद्धतीची बंधने घातली. २४ ऑगस्ट २०१७ रोजी निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांच्या याचिकेवर नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा एकमुखी निर्णय दिला. २०२३ साली डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम झाला व त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. ज्या कामासाठी संमती घेतली त्याच कामासाठी माहिती वापरावी, हे त्याचे सूत्र आहे. अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती हवी, असेही तो सांगतो. सरकारी यंत्रणांना त्यात दिलेल्या सवलतींवर टीका झाली आहे आणि ती दुर्लक्षिण्याजोगी नाही. तरीही शेजाऱ्याच्या सभ्यपणाने जे राखले जात होते, ते अनोळखी कंपनीकडून राखून घ्यायचे तर कायद्यावाचून मार्ग नाही.

परंतु कायदा दाराशी येईपर्यंत घरातली शिस्त घरानेच पाळायची असते. येथे जुन्या दूरध्वनीचा संस्कार कामी येतो. टॉर्चच्या ॲपला संपर्कयादी कशाला हवी, हा प्रश्न विद्यार्थ्याने विचारावा. आलेला गुप्त संकेतांक कोणालाही सांगू नये. मित्राचा क्रमांक तिसऱ्याला देण्याआधी मित्राला विचारावे. दुसऱ्याचे छायाचित्र, गुणपत्रक किंवा आजाराची बातमी समूहात टाकण्याआधी क्षणभर थांबावे. शेजारी आतल्या खोलीत जात असे, तो हाच सभ्यपणा.

शाळेलाही हे लागू आहे. विद्यार्थ्याची जन्मतारीख, पत्ता आणि पालकांची माहिती असलेले जनरल रजिस्टर शाळा कपाटात कुलूप लावून ठेवते. तीच माहिती यादी करून एखाद्या समूहावर टाकली, तर कुलपाला काय अर्थ राहिला? माजी विद्यार्थ्यांची नावे, पत्ते आणि दूरध्वनी क्रमांक छापणे ही शालेय स्मरणिकांची जुनी प्रथा. ती आपुलकीतून आली; अनेकांना हरवलेले सोबती तिच्यामुळे सापडले. आता ती पाळताना प्रत्येकाला आधी विचारावे, एवढीच भर घालायची आहे. नावे जरूर छापावीत. क्रमांक मात्र ज्याने होकार दिला त्याचाच.

तंजावरच्या ओट्यावरील तो काळा दूरध्वनी परत येणार नाही आणि आला तरी नातवाचा चेहरा पाहण्याची सवय झालेल्या आजीला तो पुरणार नाही. त्याच्याभोवती उभ्या असलेल्या माणसांनी जी मर्यादा पाळली, ती मात्र आजही पाळता येते. साठ वर्षे मुलांना वळण लावणाऱ्या शाळेने आता हे वळणही लावावे, अशी अपेक्षा या शुभप्रसंगी करणे वावगे ठरणार नाही.