शेजारच्या स्टॉलवरची शाळा

मुंबईत भरणाऱ्या महालक्ष्मी सरस प्रदर्शनात
जिल्ह्याजिल्ह्यांतून बचतगटांच्या भगिनी
पापड, लोणची, मसाले घेऊन दाखल होतात;
परंतु विक्रीइतकेच मोलाचे असते
ते शेजारच्या स्टॉलवर मिळणारे ज्ञान.

२०१८ साली आलेल्या व्हॉट्सॲप बिझनेसवर
आपल्या जिनसांची यादी कशी लावावी,
मसाल्याचे छायाचित्र दिवसाच्या उजेडात कसे घ्यावे,
आणि त्याखाली भाव, वजन, टिकण्याची मुदत
कशी स्वच्छ नमूद करावी,
हे एक भगिनी दुसरीला हातातल्या फोनवरच दाखवते.

म्हणून विक्री करतानाच शेजारणीलाही विचारा,
आणि आपले कसब तिलाही सांगा.

व्हॉट्सॲपसाठी ग्राहकाचा क्रमांक घेताना मात्र
त्याची अनुमती अवश्य घ्यावी;
कारण नको असलेल्या संदेशांचा भडिमार झाला,
की ग्राहक तुमचा क्रमांकच ब्लॉक करून टाकतो.