अ‍ॅब्लेशननंतरचे तीन महिने

निरोगी माणसाच्या हृदयांत, उजव्या बाजूच्या वरच्या कप्प्याच्या माथ्याशीं, पेशींचा एक लहानसा पुंजका असतो. विश्रांतीच्या वेळीं मिनिटाला ६० ते १०० वेळां त्यांतून विद्युत्-संदेश निघतो आणि सारें हृदय त्या तालावर चालतें. एट्रियल फिब्रिलेशन या विकारांत हा ताल मोडतो. वरचे कप्पे आकुंचन पावण्याऐवजीं नुसते थरथरूं लागतात व नाडी अनियमित होते. थरथरणाऱ्या कप्प्यांत सांचलेल्या रक्ताची गुठळी होऊन ती मेंदूकडे गेली, म्हणजे पक्षाघात होतो. या विकाराचें खरें भय तें हेंच.

१९९८ सालीं फ्रान्समधील बोर्दो येथील मिशेल आयसागेर व त्यांचे सहकारी यांनीं असें दाखविलें कीं, हा गोंधळ उठविणाऱ्या ठिणग्या बहुतेक वेळां फुप्फुसांकडून हृदयाकडे येणाऱ्या नीलांतून निघतात. या विकारावरील अ‍ॅब्लेशनचा उपचार मुख्यतः त्या शोधावर उभा आहे. जांघेतील शिरेंतून बारीक नळ्या हृदयापर्यंत नेऊन उष्णतेनें, अतिशीतानें, अथवा अलीकडे विद्युत्-स्पंदांनीं, त्या नीलांच्या मुखांभोंवतीं व्रणांचें कडें करण्यांत येतें. व्रणांतून विद्युत् वाहत नाहीं. त्यामुळें ठिणगी पडली तरी ती कड्यापलीकडे जात नाहीं.

छाती उघडावी लागत नाहीं आणि रुग्ण बहुधा एकदोन दिवसांत घरीं येतो. त्यामुळें घरच्या मंडळींना कार्य संपलें असें वाटतें. वस्तुतः बरें होण्यास तेथून आरंभ होतो. पहिले कांहीं तास पाय सरळ ठेवून निजून राहावें लागतें. पुढें आठवडाभर पाण्याची भरलेली बादली किंवा लहान मूल उचलूं नये. जांघेवर काळेंनिळें पडणें स्वाभाविक आहे. परंतु तेथें रक्त येऊं लागलें किंवा गांठ वाढूं लागली, तर आडवें होऊन ती जागा घट्ट दाबून धरावी व तांतडीनें मदत मागवावी.

यानंतर येतो तो धीराच्या कसोटीचा काळ. ताजे व्रण सुजलेले असतात आणि ती सूजच हृदयाला चेतविते. म्हणून पहिल्या आठवड्यांत पुन्हां धडधड झाली, तर उपचार फसला असें समजूं नये. या काळांतील अनियमिततेवरून निकाल देण्याचें वैद्य टाळतात. पूर्वीं ही मुदत तीन महिन्यांची धरीत. २०२४ च्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांच्या मतपत्रांत ती दोन महिन्यांची धरली आहे. धडधड फार वेळ टिकली, तर मात्र वैद्यास कळवावें.

याच्या उलट चूक अधिक घातक आहे. नाडी सुरळीत लागते असें पाहून कित्येक रुग्ण रक्त पातळ ठेवणारें औषध आपण होऊन सोडतात. हृदयांतील ताजे व्रण हेंच गुठळीचें स्थान होऊं शकतें. म्हणून निदान दोनतीन महिने त्या औषधांत खंड पडतां कामा नये. पुढें तें चालू ठेवावें कीं नाहीं, हें वय, रक्तदाब, मधुमेह, पूर्वींचा पक्षाघात इत्यादि गोष्टींवरून ठरतें, केवळ नाडीवरून नव्हे.

आणखी एक संकट विरळा, पण प्राणघातक आहे. अन्ननलिका हृदयाच्या डाव्या वरच्या कप्प्याला लागूनच मागें असते, आणि क्वचित् उष्णतेची झळ तिला पोंचून छिद्र पडतें. सुमारें दोन महिन्यांपर्यंत केव्हांही ताप, गिळतांना वेदना, छातींत दुखणें, बोलणें अडखळणें यांपैकीं कांहीं झालें, तर रुग्णालय गांठून अ‍ॅब्लेशन झाल्याचें प्रथम सांगावें. अशा वेळीं घशांतून दुर्बीण घालणें धोक्याचें असतें, छातीचें सी.टी. चित्र आधीं काढतात.

कड्यानें ठिणगी अडते, पण ती पाडणारी कारणें देहांतच राहतात. वाढलेलें वजन, रक्तदाब, मद्य आणि झोपेंत श्वास अडकण्याचा विकार यांना आवर घातला, तर पुन्हां लय बिघडण्याचा संभव कमी होतो. वैद्याचें काम कांहीं तासांत आटोपतें. हें दुसरें काम रुग्णाचें व त्याच्या घराचें आहे, आणि तें रोजचें आहे.