बिऱ्हाड पाठीवर



विंचवाचें बिऱ्हाड पाठीवर, अशी आपल्याकडे एक म्हण आहे. ज्यास स्थिर घरदार नाहीं अशा मनुष्याविषयीं ती आपण वापरतों, आणि वापरतांना स्वरांत थोडी कींव असते, थोडी थट्टाहि असते. अमेरिकेंत मात्र लक्षावधि सुखवस्तु कुटुंबें उन्हाळा आला कीं हौसेनें विंचू होतात. मोटारीच्या मागें चाकांवरचें एक लहानसें घर जोडावयाचें, त्यांत अंथरुणें, चूल, पाणी व शिधा भरावयाचा, आणि वाट नेईल तिकडे जावयाचें, असा हा प्रकार. या घरास तिकडे ट्रेलर किंवा कॅम्पर म्हणतात. २०२२ च्या उन्हाळ्यांत माझी कन्या व जामात यांच्याबरोबर आम्हीं उभयतांनीं असा एक भाड्याचा ट्रेलर ओढीत त्या देशाच्या पूर्व किनाऱ्यापासून कॅलिफोर्नियापर्यंत प्रवास केला. त्याविषयीं आज चार शब्द सांगावयाचे आहेत.

ही हौस शंभर वर्षांची जुनी आहे. पहिलें महायुद्ध संपलें, फोर्डच्या गाड्या स्वस्त झाल्या, आणि लोक गाडीवर तंबू बांधून हिंडूं लागले. १९१९ सालीं फ्लोरिडांतील टँपा येथें अशा लोकांनीं आपला एक संघहि काढला. डब्यांतलें अन्न खाऊन राहणारे म्हणून त्यांचें नांव पडलें टिन कॅन टूरिस्ट. पुढें तंबू गेले व ट्रेलर आले. पण त्याच सुमारास, म्हणजे १९३० नंतरच्या दशकांत, कॅन्सस, ओक्लाहोमा, कोलोरॅडो या भागांत अवर्षण पडलें, धुळीच्या वादळांनीं शेतें उडवून नेलीं, आणि हजारों शेतकरी कुटुंबें गाडीवर गाद्या व भांडीं बांधून कॅलिफोर्नियाच्या वाटेस लागलीं. दुरून पाहणाऱ्यास दोन्ही गाड्या सारख्याच दिसल्या असत्या. एका गाडीच्या मालकाच्या खिशांत मागें राहिलेल्या घराची किल्ली होती, दुसऱ्याच्या खिशांत ती नव्हती, एवढाच काय तो भेद. या किल्लीचा विचार वाटेनें आमच्या मनांतून गेला नाहीं. तो कां, तें पुढें येईलच.

प्रथम रस्त्याविषयीं. अमेरिकेंत दूर पल्ल्याचे रस्ते दोन तऱ्हेचे आहेत. १९५६ च्या कायद्यानें जे बांधले गेले ते इंटरस्टेट. ते गांवांस वळसा घालून जातात, त्यांवर चौरस्ता नाहीं, थांबा नाहीं. त्यांच्या आधींचे जुने रस्ते १९२६ सालीं क्रमांक देऊन एका व्यवस्थेंत आणले गेले. त्या क्रमांकांतील शिस्त माझ्यासारख्या शाळामास्तरास फार आवडली. पूर्व-पश्चिम रस्त्यांना सम संख्या, उत्तर-दक्षिण रस्त्यांना विषम. सम संख्या उत्तरेकडून दक्षिणेकडे वाढत जातात, आणि देश ओलांडून जाणाऱ्या मुख्य रस्त्यांच्या शेवटीं बहुधा शून्य. इंटरस्टेटांना क्रमांक देतांना दिशा मुद्दाम उलटी धरली, हेतु हा कीं एकाच मुलुखांत एकाच आंकड्याचे दोन रस्ते येऊं नयेत. आम्हीं धरला तो ५० क्रमांकाचा जुना रस्ता. मेरीलँडमधील ओशन सिटी येथें समुद्राजवळ तो सुरू होतो, आणि गांवाबाहेर पडतांच एक फलक दिसतो : सॅक्रामेंटो, ३,०७३ मैल. कोठें कोठें हा रस्ता इंटरस्टेटांत मिसळून जातो. पण पुष्कळसा अजून गांवांच्या भर पेठेंतून जातो.

ट्रेलर ओढणें ही एक विद्याच आहे. ट्रकाच्या मागें पोलादी गोळा असतो, त्यावर ट्रेलरची दांडी बसते. एकंदर वजनाच्या दहा ते पंधरा टक्के भार त्या गोळ्यावर पडला पाहिजे. ओझें मागच्या बाजूस जास्त झालें तर वेगांत ट्रेलर शेपटीसारखा डावीउजवीकडे झुलूं लागतो, आणि कधीं कधीं ओढणाऱ्या गाडीसहि उलथून टाकतो. आपल्या गाडीवानास हें पुस्तकांतून शिकावें लागत नाहीं. गाडी उलाळ झाली म्हणजे काय होतें तें तो बैलांच्या मानेवरून ओळखतो. आमच्या सौभाग्यवतींनीं तांदुळाचा व पिठाचा डबा सोयीचा म्हणून मागच्या कपाटांत ठेवला होता, तो जामातांनीं नम्रपणें उचलून पुढें आणला. घरच्या कपाटावर झालेलें हें आक्रमण त्यांना दोन राज्यें ओलांडेपर्यंत रुचलें नव्हतें. उतारावर ब्रेक दाबीत राहिलें तर ते तापून निकामी होतात, म्हणून गाडी खालच्या गिअरमध्यें घालून यंत्राच्याच अटकावानें उतरावयाचें. मागें जातांना तर सारेंच उलटें : ट्रेलर डावीकडे न्यावयाचा तर चाक उजवीकडे फिरवावयाचें.

वेस्ट व्हर्जिनियाच्या डोंगरांतील वळणें संपतांच सर्वांनीं सुटकेचा श्वास सोडला. ओहायो, इंडियाना, इलिनॉय, मिसूरी या राज्यांतून आम्ही भराभर गेलों. कॅन्ससमध्यें जमीन सपाट झाली. तेथें गांव दिसण्यापूर्वीं कित्येक मैलांवरून त्याचें धान्याचें पांढरें कोठार दिसतें, आपल्याकडे देवळाचें शिखर दिसावें तसें. हचिन्सन या शहराखालीं साडेसहाशें फूट खोल मिठाची खाण आहे, तींत पाहुण्यांस उतरतां येतें. लहान गांवांच्या बागेंत ट्रेलर उभा करण्यास जागा असते. कोणी पहारेकरी नाहीं. पाकिटांत पैसे घालून लोखंडी पेटींत टाकावयाचे. पेठेंतील निम्मीं दुकानें बंद, एखादी शाळाहि बंद, आणि तरीहि ही पेटी जागेवर व लोक तींत पैसे टाकीत आहेत, याचें मला मोठें कौतुक वाटलें.

कोलोरॅडोची हद्द ओलांडल्यावर ग्रॅनाडा नांवाचें अगदीं लहान गांव लागतें. त्याच्या पलीकडे रस्त्याच्या डाव्या हातास एक पाटी आहे : अमाची. इंटरस्टेटनें जाणाऱ्यास ती दिसण्याचा संभवच नाहीं. आम्हीं ट्रेलर तिकडे वळविला.

१९४१ च्या डिसेंबरांत जपाननें पर्ल हार्बरवर हल्ला केला, आणि १९ फेब्रुवारी १९४२ रोजीं अध्यक्ष रूझवेल्ट यांनीं ९०६६ क्रमांकाचा हुकूम काढला. त्याच्या आधारें पश्चिम किनाऱ्यावरील जपानी वंशाच्या सुमारें १,२०,००० लोकांस घरांतून उठवून आंतल्या मुलुखांत दहा छावण्यांत ठेवण्यांत आलें. त्यांतील सुमारें दोन-तृतीयांश जन्मानें अमेरिकन नागरिक होते. हातीं नेतां येईल तेवढेंच सामान बरोबर घ्यावें, अशी आज्ञा होती. अमाची ही त्या दहांपैकीं एक. येथें आणण्यापूर्वीं कित्येकांस सांता अनिता येथील शर्यतीच्या मैदानावर, घोड्यांच्या तबेल्यांतहि, ठेविलें होतें. ऑगस्ट १९४२ पासून ऑक्टोबर १९४५ पर्यंत ही छावणी चालली. एके वेळीं येथें ७,३१८ माणसें राहत होतीं. एकेक बराक १२० फूट लांब व २० फूट रुंद. तिच्या खोल्या पाडलेल्या, आणि एका कुटुंबास एक खोली. पाणी बाहेर, स्नान बाहेर, जेवण सार्वजनिक पंगतींत.

आज तेथें बराकींचे चौथरे आहेत, एक पुन्हा उभारलेला पहाऱ्याचा मनोरा आहे, पाण्याची टाकी आहे, आणि एक लहान स्मशानभूमि. चौथऱ्यांच्या मधून झाडें आहेत. या ओसाड माळावर झाडें कोठून आलीं असें आम्हीं विचारलें, तेव्हां समजलें कीं तीं त्याच लोकांनीं लाविलीं. तीन वर्षांच्या तात्पुरत्या बिऱ्हाडाच्या दाराशींहि त्यांनीं बागा केल्या होत्या.

ही जागा टिकली ती मुख्यत्वें एका शाळेमुळें. ग्रॅनाडा हायस्कुलांतील एका शिक्षकानें १९९३ सालीं आपल्या विद्यार्थ्यांस हा इतिहास शोधण्यास लाविलें. मुलांनीं हयात असलेल्या लोकांस पत्रें पाठविलीं, त्यांच्या आठवणी टिपून घेतल्या, गवत कापलें, वस्तु गोळा करून संग्रहालय मांडलें. मुलें शाळा सोडून गेलीं, त्यांच्या जागीं नवीं आलीं, काम चालूच राहिलें. शेवटीं मार्च २०२२ मध्यें कायदा होऊन ही जागा राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ ठरली, आणि २०२४ सालीं तिची रीतसर स्थापना झाली. मीं चाळीस वर्षांच्या आसपास मुलांकडून सनावळ्या पाठ करून घेतल्या आहेत. आम्हांस छावणी दाखविणारी मुलगी सोळा वर्षांची असेल. तिनें एकहि सन पाठ म्हणून दाखविला नाहीं, कोणत्या चौथऱ्यावर कोण राहत होतें तें सांगितलें, आणि सन आपोआप आले.

आणखी एक गोष्ट तिनें सांगितली. त्या वेळीं कोलोरॅडोचे गव्हर्नर राल्फ कार हे होते. या लोकांस घटनेप्रमाणें इतर नागरिकांइतकेच हक्क आहेत असें ते जाहीरपणें बोलले. १९४२ च्याच निवडणुकींत ते सेनेटच्या जागेसाठीं उभे राहिले आणि पडले. सरकारनें माफी मागितली ती १९८८ सालीं, आणि हयात असलेल्या प्रत्येकास २०,००० डॉलर दिले. किती जण तोंवर उरले नव्हते, हा हिशेब निराळा.

रात्रीं आमच्या ट्रेलरमध्यें नळ सोडतांना कोणी फारसें बोललें नाहीं.

पुढें मोनार्क खिंडींत रस्ता ११,३१२ फुटांवर चढतो. तेथें पावसाचे दोन थेंब शेजारीं पडले तर एकाचें पाणी अटलांटिककडे जातें व दुसऱ्याचें पॅसिफिककडे. विरळ हवेंत यंत्रासहि धाप लागते. यूटा राज्यांत शंभराहून अधिक मैल पेट्रोल नाहीं, पाणी नाहीं. मग डेल्टा नांवाचें गांव येतें, आणि तेथून सोळा मैलांवर टोपॅझ, म्हणजे त्या दहांपैकीं दुसरी छावणी. एकाच रस्त्याच्या कांठीं दोन. ११ एप्रिल १९४३ रोजीं तेथें जेम्स वाकासा नांवाच्या ६३ वर्षांच्या गृहस्थास कुंपणाजवळ पहारेकऱ्यानें गोळी घालून मारलें. डेल्टाच्या हमरस्त्यावरील संग्रहालयांत आम्हीं एक सकाळ घालविली.

नेवाडांतील या रस्त्यास १९८६ सालीं लाइफ मासिकानें अमेरिकेंतील सर्वांत एकाकी रस्ता म्हटलें. हेतु निंदेचा होता. पण त्या राज्याच्या लोकांनीं तेंच नांव फलकांवर रंगवून घेतलें, आणि गांवोगांव शिक्के मारून घेण्याची पुस्तिका काढली. ईली, युरेका, ऑस्टिन, फॅलन हीं चार गांवें. मधलें अंतर सत्तर मैलांपासून एकशें दहा मैलांपर्यंत. एक डोंगर चढावा, तों समोर सपाट खोरें, त्यांतून सुतासारखा सरळ गेलेला रस्ता, आणि पलीकडे पुढचा डोंगर, असें दिवसभर. येथलें पाणी समुद्रास मिळत नाहीं, वाळवंटांतच जिरतें. १८६० सालीं याच भागांतून घोडेस्वारांची टपाल चाले. अठरा महिन्यांत तारायंत्र आलें, आणि ती बंद पडली.

ऑस्टिनजवळ एका सरकारी तळावर आम्ही उतरलों. तळाची देखरेख करणारी बाई ७१ वर्षांची, एकटी, स्वतःच्या जुन्या ट्रेलरमध्यें राहणारी. २००८ च्या मंदीनंतर कर्जाचे हप्ते थकले आणि तिचें घर गेलें. तेव्हांपासून उन्हाळ्यांत अशा तळांवर संडास धुणें व पैसे गोळा करणें, शरदांत उत्तरेकडे बीटाची काढणी, थंडींत ॲरिझोनाच्या वाळवंटांतील सरकारी जमीन, असें तिचें वर्ष. अशा वृद्धांविषयीं जेसिका ब्रूडर यांनीं २०१७ सालीं नोमॅडलँड हें पुस्तक लिहिलें व पुढें त्यावर चित्रपटहि निघाला. आमच्या सौभाग्यवतींनीं तिला थालीपीठ दिलें. तिनें तें खाल्लें, आणि मग कंदील घेऊन आमच्या ट्रेलरभोंवतीं एक फेरी मारली.

डाव्या बाजूच्या मागच्या टायरपाशीं ती थांबली. टायरवर चार आंकडे असतात : पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. त्यावरून तो दहा वर्षांचा निघाला. नक्षी चांगली होती, पण कडेस बारीक चिरा होत्या. ट्रेलरचे टायर झिजण्याआधीं उन्हानें मरतात, असें ती म्हणाली. ज्यांच्याकडून ट्रेलर भाड्यानें घेतला त्यांनीं हें पाहिलें नव्हतें. पुढें फॅलनपर्यंत ११० मैल गांव नाहीं, आणि आमच्याजवळील जादा टायरहि त्याच वयाचा. तिनें आमच्याकडून कांहीं ओझें ट्रेलरमधून काढवून ट्रकांत ठेवविलें, हवा तपासली, आणि पहांटे थंड हवेंत, ताशीं ४५ मैलांवर न जातां निघा, असें बजावलें. ११० मैलांस आम्हांस अडीच तास लागले. फॅलन येथें दोन्ही टायर बदलले. दुकानदारानें जुना टायर वांकवून दाखविला तेव्हां आंतले धागे दिसत होते.

निघतांना तिचा पत्ता मागितला होता. तिनें साउथ डकोटा राज्यांतील एक टपालपेटी लिहून दिली. चाकांवर राहणाऱ्यांपैकीं पुष्कळ जण त्या राज्याचे कागदोपत्रीं रहिवासी होतात. तेथें एक रात्र मुक्काम केल्याची पावती दाखविली कीं भागतें, आणि टपाल तेथून पुढें पाठविलें जातें. सौभाग्यवतींनीं घरीं परतल्यावर त्या पत्त्यावर थालीपिठाच्या भाजणीची कृति माझ्याकडून इंग्रजींत लिहवून पाठविली. नोव्हेंबरांत उत्तर आलें, नॉर्थ डकोटांतील शिक्क्याचें. बीटाचा हंगाम संपला होता. ज्वारीचें पीठ मिळालें, बाजरीचें मिळालें नाहीं, त्याऐवजीं काय घालावें, असें तिनें विचारलें होतें.