पित्याच्या घरचे काम
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवीपर्यंत शिकलेली, घरसंसार पाहणारी बाई. व्याख्यान देणे माझे काम नव्हे. पण तुम्ही ख्रिस्ती लोक देवाला बाप का म्हणता ते सांगा, अशी मंडळाची आज्ञा झाली, म्हणून चार शब्द बोलते.

माणूस काम करतो ते भीतीने, मजुरीसाठी, नाहीतर प्रीतीने. मालकाची पाठ वळली की भीतीचे काम थांबते. मजुरी बंद झाली की मजुरीचे थांबते. आजारी लेकराच्या उशाशी बसलेली आई मात्र घड्याळ पाहात नाही.

येशूने एका बापाचा व त्याच्या दोन मुलांचा दृष्टान्त सांगितला आहे. धाकटा आपला वाटा घेऊन दूर देशी गेला, सारे उधळून बसला आणि उपासमार झाली तेव्हा परतला. बापाने त्याला दुरूनच पाहिले व धावत जाऊन गळ्याशी धरले. एवढी गोष्ट पुष्कळांना ठाऊक असते. मला थोरल्याचा भाग अधिक जवळचा वाटतो. तो शेतात राबे, आज्ञा मोडत नसे. पण भावासाठी मेजवानी चालली आहे हे कळताच रुसून दाराबाहेर उभा राहिला. बापाच्या घरी राहून तो चाकरासारखा हिशेब ठेवीत होता. भगिनींनो, आपल्यातही कितीजणी अशा राबतात! काम सगळे होते, मन मात्र दाराबाहेर. मग बाप काय करतो? त्याची समजूत घालायला स्वतः बाहेर येतो. आम्ही ज्याला पिता म्हणतो तो हा.

एका मैत्रिणीने मला विचारले, "जिने बापाचा मारच खाल्ला, तिला हा शब्द गोड कसा लागावा?" प्रश्न खरा आहे. माझे उत्तर असे की, आपल्या बापावरून देवाचे माप घेऊ नये. देवावरून बापाचे घ्यावे. आणि अशा मुलीला ती प्रीती आधी कोणाच्या तरी हातांतून मिळावी लागते.

पंडिता रमाबाईंचेच पाहा. त्या १८८३ साली इंग्लंडला गेल्या. लंडनजवळ फुलहॅम येथे वाट चुकलेल्या स्त्रियांना जवळ करणाऱ्या भगिनींचे काम त्यांनी पाहिले. हे तुम्ही कशासाठी करता, असे विचारल्यावर त्यांना येशू व शोमरोनी स्त्रीची गोष्ट कळली. लोकांनी टाकलेल्या बाईशी तो विहिरीवर आदराने बोलला होता. ती गोष्ट रमाबाईंच्या मनात रुजली. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या व शेकडो निराधार मुलींना घेऊन आल्या. केडगावला मुक्ती सदन उभे राहिले. तिथे टाकलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन होते, आंधळ्यांसाठीही सोय होती. स्वतः रमाबाईंचे आईवडील दुष्काळात गेले होते. उपाशी पोट म्हणजे काय हे त्यांना कोणी सांगायला नको होते. मजुरीवर नजर ठेवून १९२२ पर्यंत, म्हणजे मरेपर्यंत, कोणी असे काम करील काय?

धर्म कोणाचा कोणताही असो, मंडळाच्या कामात एवढे करू या. शिवणवर्गाला न येणाऱ्या मुलीचे नाव खोडण्याआधी तिच्या दारी जाऊन येऊ. आणि रोज निमूटपणे राबणाऱ्या बाईलाही कधी विचारू, "बाई, तू कशी आहेस?" धाकट्याला बाप हवा असतो, तसा थोरल्यालाही हवा असतो.