लेकीचा गुरुवारचा वर्ग

आमच्या बचत गटातल्या तिघींच्या लेकी लग्नानंतर अमेरिकेत गेल्या. जावई तिकडच्या विद्यापीठांत शिकतात. ‘मी चर्चमध्ये इंग्रजी बोलायला शिकते,’ असं एकीनं फोनवर सांगितलं आणि घरातून पहिला प्रश्न आला, धर्म बदलायला लावतील का? आम्हीही तोच विचारला. ऐकणाऱ्यांत ख्रिस्ती बहिणीही असतील, त्यांनी राग मानू नये. काळजीपोटी आलेला प्रश्न होता.

आधी तिथला संसार कसा असतो ते ऐका. विद्यार्थ्याच्या बायकोला एफ-टू नावाचा व्हिसा मिळतो. त्यावर नोकरी करता येत नाही. नवरा सकाळी विद्यापीठात गेला की ती, लेकरू आणि चार भिंती. गाडी चालवता येत नाही, बस दूरवर थांबते, बर्फ पडला की रस्त्यावर माणूस दिसत नाही. इथं बी.ए. झालेली पोर तिथं दवाखान्यातून फोन आला की तो नवऱ्याकडे देते.

विद्यापीठाच्या गावांतून बऱ्याच चर्चमध्ये परदेशी विद्यार्थी आणि त्यांच्या घरच्यांसाठी आठवड्यातून एकदा इंग्रजी बोलण्याचा गट भरतो. फी बहुधा नसते. शिकवणाऱ्या पुष्कळदा तिथल्याच निवृत्त बाया. कुठं कुठं शेजारच्या खोलीत मुलं सांभाळतात, आणि आम्हाला विचाराल तर खरी सोय तीच. लेकरू कडेवर घेऊन शिकायचं कसं? टेबलाभोवती कुणी चीनची, कुणी कोरियाची, कुणी ब्राझीलची. एकीची भाषा दुसरीला येत नाही, म्हणून मोडकं का होईना इंग्रजीच बोलावं लागतं. सगळ्याच अडखळतात, तेव्हा हसणार कोण? व्याकरण थोडं. डॉक्टरची वेळ कशी घ्यायची, मुलाच्या शाळेतल्या बाईंना काय विचारायचं, अडचणीत ९११ ला फोन लावून पत्ता कसा सांगायचा, याचाच सराव. आमच्यातल्या एकीच्या लेकीनं बाळाच्या लसीची वेळ स्वतः फोन करून ठरवली. फोन ठेवल्यावर हात थरथरत होते म्हणाली. पण वेळ तिनंच ठरवली.

आता धर्माचं. सगळ्या चर्चची रीत एक नाही. कुठं शेवटी प्रार्थना होते, कुठं बायबलचा वर्ग वेगळा असतो आणि आलं नाही तरी चालतं, कुठं वाचायचा धडाच बायबलातला. त्या बाया मनापासून मदत करतात, आणि आपला देव इतरांना सांगावा असंही त्यांच्यातल्या पुष्कळींना वाटतं. दोन्ही खरं आहे. आडून काही चालत असेल तर मात्र आम्हाला ते पटणार नाही.

हा पेच आपल्याकडे जुना आहे. आनंदीबाई जोशींच्या शिक्षणासाठी गोपाळरावांनी मिशनऱ्यांकडे मदत मागितली, तर ख्रिस्ती व्हा असं उत्तर आलं. तो पत्रव्यवहार अमेरिकेतल्या एका मिशनरी नियतकालिकात छापला गेला, कार्पेंटरबाईंच्या वाचनात आला आणि त्यांनी आनंदीबाईंना घरी ठेवून घेतलं. १८८३ साली आनंदीबाई गेल्या, हिंदू राहूनच १८८६ मध्ये डॉक्टर झाल्या. त्याच १८८३ साली पंडिता रमाबाईंनी इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला, आणि पुढं धर्माबाबत तिथल्या ख्रिस्ती भगिनींशी वादही घातला. दोघींनी आपलं आपण ठरवलं.

आम्ही लेकींना एवढंच सांगितलं, पहिल्याच दिवशी सरळ विचारा: बायबलचा भाग कधी असतो, त्याला थांबलंच पाहिजे का? उत्तर सरळ मिळालं नाही तर दुसरा गट बघा. कित्येक सार्वजनिक वाचनालयांतही असे गट फुकट चालतात. एकीच्या सासूबाईंना हे अजून पटलेलं नाही, त्या रोज विचारतात.

तिघींपैकी एकीनं चर्च सोडून वाचनालयाचा गट धरला. दोघी चर्चमध्येच जातात. गुरुवारी तिकडे सकाळी वर्ग असतो तेव्हा आपल्याकडे जेवणं उरकलेली असतात. त्या वेळी आम्ही फोन लावत नाही.